उताराच्या वावरासाठी छोटा ट्रॅक्टर निवडताना

छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की घरात, पारावर आणि शोरूममध्ये पहिला प्रश्न एकच असतो : किती एचपीचा? वर्धा जिल्ह्यातल्या सेलू-देवळीच्या सपाट काळ्या रानात तो प्रश्न बरोबर आहे. पण आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत जमीन लाटांसारखी वरखाली होते, टेकडीच्या अंगाला बरड लागते आणि शेताच्या एका कडेला नाला खोल गेलेला असतो. तिथं हा प्रश्न निदान चौथ्या नंबरवर गेला पाहिजे. आधी विचारायचं ते वजन, रुंदी आणि ब्रेक यांबद्दल. उतारावर ट्रॅक्टर टिकतो की नाही, आणि त्याच्यावर बसलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येतो की नाही, हे या तीन गोष्टींवर ठरतं. असं का, ते या लेखात टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी जमीन मोजा. उताराचा अंदाज डोळ्यांनी घेतला तर तो हमखास चुकतो. दहा फुटांची सरळ दांडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि गवंड्याकडची पाणसळ एवढं पुरे. दांडीचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक उचलून दांडी पाणसळीनं समपातळीत आणा आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. अंतर एक फूट आलं तर उतार १० टक्के, म्हणजे जवळपास ६ अंश. पावणेदोन फूट आलं तर १० अंश. दोन फूट आठ इंच आलं तर १५ अंश.

हे माप वावराच्या मधोमध घेऊन भागत नाही. कसलेल्या बहुतेक वावरांचा सरासरी उतार ३-४ अंशांच्या आत निघेल आणि तेवढ्यावर कुठलाही धड ट्रॅक्टर उलटत नाही. खरं माप घ्यायचं ते वाईट जागांचं : धुरा ओलांडायची जागा, पांदणीतून वावरात चढायचा रपटा, नाल्याची कड, विहिरीच्या मातीचा ढीग आणि संत्र्याच्या बागेतली टेकडीकडची शेवटची ओळ. ट्रॅक्टर दिवसातला बराच वेळ चांगल्या जमिनीवर असतो, पण अपघात त्या पाच-सहा जागांवर होतात. म्हणून निवडही त्याच जागांसाठी करायची. वावराचा एक कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक वाईट जागेपुढे तिचा अंश लिहा. खरेदीला जाताना हा कागद खिशात असू द्या.

ट्रॅक्टर उलटतो कसा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांच्या मनातलं त्याचं चित्र अर्धवट असतं. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो. आधाराच्या हिशोबानं मात्र तो तीन बिंदूंवर उभा असतो. पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनेवर झुलता बसवलेला असतो. खाचखळग्यात पुढची चाकं वरखाली होऊ शकावीत, म्हणून ही सोय. तिचा परिणाम असा की ट्रॅक्टरचा आधार म्हणजे मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन यांचा त्रिकोण. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर राहील तोवर सगळं ठीक. तो त्रिकोणाच्या बाहेर गेला की ट्रॅक्टर कलंडायला लागतो. ॲक्सल आपल्या अडणीला टेकेपर्यंत पुढची चाकं काहीच रोखत नाहीत, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

आता आकडे घालून पाहू. समजा मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी ९० सेमी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेमी उंच आहे आणि दोन्ही ॲक्सलमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर, मागच्या ॲक्सलच्या पुढे आहे. मागच्या ॲक्सलपाशी मध्यापासून कडेपर्यंत ४५ सेमी आधार मिळतो. गुरुत्वमध्याखाली त्रिकोण निमुळता झालेला असल्यानं तिथं ३० सेमीच उरतात. उंची ६० आणि आधार ३०, म्हणजे मर्यादा साधारण २७ अंश. चार चाकांचा चौकोन धरून हिशोब केला असता तर ती ३७ अंश निघाली असती. हा १० अंशांचा फरक कागदावरचा नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला जी सुरक्षितता आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात नसते, ती हीच.

२७ अंश तरी कुठं येतात, असं वाटेल. इथं दगड आणि सरी हिशोबात येतात. आडव्या उतारावर, १० अंशांवर ट्रॅक्टर चाललाय. वरच्या बाजूचं मागचं चाक १५ सेमीच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं चाक १५ सेमी खोल सरीत उतरलं, तर ९० सेमी रुंदीत ३० सेमीचा फरक पडला. त्याचे १८ अंश होतात. दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस. बरड जमिनीत १५ सेमीचा दगड ही काही दुर्मीळ वस्तू नाही. पावसाळ्यात तो गवताखाली दिसतही नाही.

वेगाचा हिशोब याहून कडक आहे. ताशी १० किमी वेगानं ३ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर ट्रॅक्टरला बाहेर फेकणारा जोर सुमारे १५ अंशांच्या उताराएवढा असतो. वेग निम्मा केला की तो जोर निम्मा न होता चौथाईवर येतो, ४ अंशांच्या आत. म्हणून तासाच्या टोकाशी, जिथं वळायचं तिथं, थ्रॉटल कमी करण्याची सवय ही ट्रॅक्टरच्या कुठल्याही भारी भागापेक्षा मोलाची आहे. वळणं शक्यतो चढाच्या दिशेनं न घेता उताराकडे आणि सावकाश घ्या.

आता रुंदीचा पेच. छोट्या ट्रॅक्टरची आपल्याकडची मोठी ओळख म्हणजे तो कपाशीच्या दोन ओळींमधून जातो आणि बैलाच्या डवऱ्याचं काम करतो. त्यासाठी चाकं जवळ हवीत. उतारासाठी तीच चाकं लांब हवीत. वरच्याच उदाहरणात रुंदी ९० वरून ११० सेमी केली तर मर्यादा २७ वरून ३१ अंशांवर जाते. चार अंश थोडे वाटतील, पण वर पाहिलेला दगड-सरीचा प्रसंग तेवढ्यातच निभावतो. म्हणून मागच्या चाकांची रुंदी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक्टर घ्या. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये रिम उलटी बसवून किंवा चाकं डावी-उजवी बदलून हे करता येतं. डवरणीच्या दिवसांत चाकं जवळ आणि पीक निघालं की परत लांब. विक्रेत्याला हे आपल्या समोर करून दाखवायला सांगा. जॅक, पाना आणि दोन माणसं लावून किती वेळ जातो, तेही पाहा. काम फार किचकट असेल तर घरी ते कुणी करत नाही आणि ट्रॅक्टर वर्षभर अरुंदच फिरतो.

मागे उलटण्याचा प्रकार आडव्या उलटण्यापेक्षा वाईट, कारण तो फार झटकन होतो. चाकं रुतली आहेत, चालकानं क्लच एकदम सोडला आणि इंजिनाची ताकद चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंड वर उचलू लागली, तर पूर्ण उलटायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. काय होतंय ते कळून पाय क्लचवर जाईपर्यंत परत येण्याची वेळ निघून गेलेली असते. ट्रॉली, झाडाचं खोड किंवा रुतलेलं वाहन ओढताना साखळी सीटजवळच्या किंवा वरच्या लिंकच्या जागी कधीही अडकवू नये. ओढ फक्त खालच्या हुकातून घ्यायची. ओढीची जागा मागच्या ॲक्सलच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टर उलटायला ती पुरेशी होते.

मागे टांगलेल्या अवजारानंही पुढचा भाग हलका होतो. ८०० किलोचा ट्रॅक्टर घ्या. त्याच्या पुढच्या चाकांवर सुमारे २७० किलो असतात. मागं फवारणीची टाकी आणि तिचा सांगाडा मिळून ३०० किलो, ॲक्सलपासून ८० सेमी मागे, आणि दोन ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. टाकी उचलली की पुढच्या चाकांवरचे १६० किलो कमी होतात. उरले ११०. आता हाच ट्रॅक्टर २० टक्के चढावर चढू लागला की ट्रॅक्टरच्याच वजनातले आणखी ६०-६५ किलो मागे सरकतात, उचललेल्या टाकीमुळे थोडे अधिकच. चाळीसेक किलोवर स्टिअरिंग काय वळणार? पुढे वजनाच्या प्लेटा लावण्याची सोय आहे का आणि त्या सोबत मिळतात का, हे संत्र्याच्या बागायतदारानं खास विचारलं पाहिजे. शिवाय अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अवघड असते, कारण वळताना पाणी एका अंगाला धावतं. टाकीत आडव्या पट्ट्या आहेत की नाहीत, ते झाकण उघडून पाहा.

एचपीचा प्रश्न चौथ्या नंबरवर का ढकलला, ते आता सांगतो. दोन चाकी ड्राइव्हच्या ८०० किलोच्या ट्रॅक्टरमध्ये मागच्या चाकांवर सुमारे ५३० किलो असतात. घट्ट जमिनीवर टायरला साधारण त्याच्या निम्मी पकड मिळते. म्हणजे ओढ झाली २६५ किलोची. ही ओढ ताशी ३ किमी वेगानं द्यायला जेमतेम तीन एचपी लागतात. चाकं घसरण्यात आणि गिअरमध्ये जाणारी ताकद धरली तरी १५ एचपीचं इंजिन या कामाला भरपूर आहे. ट्रॅक्टर चढावर अडतो तो ताकद संपून नव्हे, पकड संपून. आता १५ टक्के चढ धरा. ट्रॅक्टरचं स्वतःचंच वजन त्याला १२० किलोनं मागं ओढतं. हाती उरली १४५ किलोची ओढ. चार चाकी ड्राइव्हच्या ६५० किलोच्या ट्रॅक्टरचा हिशोब करा : सगळं वजन कामाला लागतं, पकड ३२५ किलोची, त्यातून ९८ वजा, उरले २२७. दीडशे किलोनं हलका असूनही चढावर हा जास्त ओढतो.

उतरतानाही चार चाकी ड्राइव्हचा गुण दिसतो. उतारावर वजन पुढं सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. दोन चाकी ड्राइव्हमध्ये इंजिनाचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही त्या हलक्या चाकांवरच चालतात, त्यामुळे ओल्या गवतावर ट्रॅक्टर घसरत जातो. चार चाकी ड्राइव्ह चालू असेल तर इंजिनाचा ब्रेक पुढच्या चाकांनाही मिळतो. म्हणून ज्यांच्या कागदावर कुठंही १० अंशांच्या वरचा आकडा आला असेल, त्यांनी पैसे वाचवायला दोन चाकी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या आत असेल तर १५ एचपीचा सिंगल सिलिंडर दोन चाकी ट्रॅक्टर पुरतो. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ या वर्गातले ट्रॅक्टर साधे आहेत आणि गावच्या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले आहेत. वरच्या वर्गात कुबोटा निओस्टार बी २४४१ किंवा महिंद्रा जिवो २४५ यांसारखे २४ एचपीचे चार चाकी ड्राइव्हचे ट्रॅक्टर येतात. एचपी खरोखर मोजायचे ते रोटाव्हेटरसाठी. रोटा पीटीओवर चालतो, तो पकडीवर अवलंबून नसतो आणि इंजिनाची सगळी ताकद खातो. रोटा किती रुंद घ्यायचा ते आधी ठरवा, मग एचपी.

एका गोष्टीचा इथं खुलासा करायला हवा. परदेशी चित्रफितींत दिसणारा, पोटाखाली गवत कापायचं पातं असलेला बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर आपल्याकडे कुणी संस्थेसाठी किंवा फार्महाउससाठी मागवण्याचा विचार करतं. वर्धा शहराला लागून टेकड्या आहेत. गांधी हिल्सवर तर हिंदी विश्वविद्यालयाचा सगळा परिसरच चढउताराचा आहे. अशा आवारासाठी हेच यंत्र हवं, असं वाटतं. पण त्या यंत्रांच्या पुस्तिकेत बहुधा १५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. हलक्या मॉडेलमध्ये गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी एक बंद पेटी असते. लांब चढावर तिच्यातलं तेल तापून पातळ होतं आणि ओढ कमी होत जाते. कित्येक पेट्यांत तेल बदलायची सोपी सोयही नसते. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. अशा हवेत ती पेटी किती वर्षं टिकेल? त्याऐवजी ओतीव लोखंडी गिअरबॉक्सचा मिनी ट्रॅक्टर आणि मागं पीटीओवर चालणारा गवत कापायचा स्लॅशर ही जोडी इथं जास्त टिकते. तिचे भाग जिल्ह्यात किंवा नागपुरात मिळतात आणि उरलेल्या दिवसांत ती पाण्याचा टँकरही ओढते.

टिकाऊपणा पाहताना उताराचे म्हणून काही वेगळे मुद्दे आहेत. पहिला इंजिनाच्या तेलाचा. ट्रॅक्टर कलला की खालच्या टाकीतलं तेल एका अंगाला जातं आणि तेल खेचणारी नळी उघडी पडू शकते. दाब पंपानं तेल फिरवणारं इंजिन नुसत्या शिंतोड्यांवर चालणाऱ्या इंजिनापेक्षा बरं. पण पंप असला तरी तेलाची पातळी वरच्या खुणेशी ठेवायलाच हवी. डिझेलचंही तसंच. टाकी पावभर असताना चढावर गेलं की हवा ओढली जाते, इंजिन बंद पडतं आणि ऐन रपट्याच्या मधोमध ट्रॅक्टर उभा राहतो. उताराच्या वावरात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. तेलात बुडालेले ब्रेक धूळ-चिखलापासून वाचतात आणि तापूनही धरतात. कोरडे ब्रेक स्वस्त; पण नाल्यातून निघून लगेच चढायचं असेल तर ते ओले होऊन दगा देऊ शकतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. ते जोडणारी कडी रस्त्यावर आणि उतारावर कायम लावलेली असावी. उतारावर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. पार्किंग ब्रेकची परीक्षा शोरूमच्या फरशीवर होत नाही, ती चढावरच घ्यायची.

तिसरा मुद्दा पुढच्या ॲक्सलच्या त्या पिनेचा. आडव्या उतारावर रोजचा भार तिच्यावर आणि खालच्या बाजूच्या चाकांच्या बेअरिंगवर एका अंगानं पडतो, म्हणून हे भाग सपाट रानापेक्षा लवकर झिजतात. पुस्तिकेत ग्रीसचे जे तास दिले असतील ते पाळा आणि चिखलात काम झालं की त्याआधीच ग्रीस भरा. जुना ट्रॅक्टर घेत असाल तर पुढचा भाग जॅकवर उचलून ॲक्सल हातानं हलवून पाहा. पिनेच्या बुशात खडखड असेल, स्टिअरिंग बरंच फिरवल्यावर चाक हलत असेल, तर मीटरवर किती तास दिसतात याला फारसा अर्थ नाही. एअर क्लीनर आणि रेडिएटर यांना सोयाबीनच्या भुश्याचा आणि एप्रिल-मेच्या धुळीचा त्रास आहे. रेडिएटरची जाळी बाहेर काढून झटकता येते का पाहा. हे बारीक वाटतं, पण चढावर इंजिन तापण्याचं नेहमीचं कारण तेच असतं.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापलीकडे एक चांगली सोय आपल्या देशात आहे आणि शेतकरी तिचा फार कमी उपयोग करतात. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथं १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरची पीटीओवरची ताकद, डिझेलचा खप, हुकावरची ओढ, ब्रेक आणि लिफ्ट हे सगळं मोजलं जातं. गुरुत्वमध्य कुठं आहे, तेही नोंदलेलं असतं. चाचणीनंतर इंजिन उघडून कुठला भाग किती झिजला ते लिहिलं जातं. उताराच्या जमिनीसाठी लागणारे जवळजवळ सगळे आकडे त्या अहवालात आहेत. विक्रेत्याकडे आपल्या मॉडेलचा अहवाल मागा. पानं चाळताना गुरुत्वमध्याची उंची, अरुंद आणि रुंद अशी दोन्ही चाकांतरं आणि हुकावरची ओढ एवढं काढून आपल्या कागदावर लिहा. वर केलेला हिशोब मग तुमच्याच ट्रॅक्टरचा होतो. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर मॉडेल अनुदानपात्र यादीत आहे का ते आधी बघा; पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अनुदान जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन जुन्या दरानं तर नाही ना, तेही पाहून घ्या.

डेमो मात्र आपल्या वावरात, आपल्या कागदावरच्या सगळ्यात वाईट जागी घ्यायचा. आपलंच अवजार लावा. रपट्याच्या मध्यावर थांबा, पार्किंग ब्रेक लावा, पाय काढा. ट्रॅक्टर हलता कामा नये. मग तिथूनच निघा. क्लच जळाल्याचा वास येतो का, पुढची चाकं उचलतात का ते पाहा. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, थ्रॉटल कमी करून, ब्रेकला हात न लावता उतरा. उतरताना ट्रॅक्टर पळायला लागला तर त्याचा खालचा गिअर तुमच्या जमिनीला पुरेसा हळू नाही. संत्र्याच्या बागेत शेवटचं झाड आणि कुंपण यांच्यामध्ये एका दमात वळतो का, फांद्यांखालून चालकाचं डोकं आणि सायलेन्सर निघतात का, तेही पाहा. घरातलं जे माणूस चालवणार आहे त्यालाच बसवा. ताई चालवणार असेल तर तिचा पाय ब्रेकवर पुरता पोचतो का, याला वडिलांचं किंवा भावाचं मत चालत नाही.

एवढं करूनही एक जुना झगडा उरतो. जमिनीला वाटतं की वाही आणि पेरणी उताराला आडवी व्हावी. वर्ध्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उताराच्या दिशेनं पाडलेलं प्रत्येक तास त्या पाण्याला वाट करून देतं. बरडीवर माती आधीच वीतभर. ती एकदा नाल्यात गेली की परत येत नाही. ट्रॅक्टरला मात्र उभं चढणं-उतरणं सोपं आणि आडवं चालणं धोक्याचं. मातीसाठी आडवं, जिवासाठी उभं, यातून वाट काढायची असेल तर उताराचं माप हाच आधार. ५-६ अंशांपर्यंत चाकं रुंद करून, अवजार खाली ठेवून, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता आडवी वाही करावी. तिथं ट्रॅक्टरही सुरक्षित आणि मातीही. ६ ते १० अंशांच्या पट्ट्यात दगड वेचल्याशिवाय आडवा ट्रॅक्टर घालू नये, आणि १० च्या वर तर वार्षिक पीकच घेऊ नये. तिथं गवत, सीताफळ, बांबू लावावं. तरी मशागत करायचीच असेल तर ती बैलांनी. आर्वी-कारंज्याचा हा डोंगराळ पट्टा गवळाऊ जातीच्या गाईबैलांचा मूळ मुलूख आहे. अंगानं हलका आणि चालीला चपळ असा हा बैल दगडगोट्यांतून डवरा जसा नेतो तसा कुठलाही ट्रॅक्टर नेत नाही. ट्रॅक्टर आला म्हणून गोठा रिकामा करण्याची घाई उताराच्या शेतकऱ्यानं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

नाल्याच्या कडेचा नियम सोपा आहे : नाला जेवढा खोल, निदान तेवढं अंतर कडेपासून सोडा. सहा फूट खोल नाला तर सहा फूट जागा. पावसात काळी माती आतून सुटलेली असते आणि कड वरून शाबूत दिसते. धुरा तिरका ओलांडू नका. समोरून, काटकोनात, सावकाश चढा. दोन चाकी ट्रॅक्टरला फार उभा रपटा चढायचा असेल तर तो रिव्हर्समध्ये चढवा आणि पुढच्या गिअरमध्ये उतरवा, म्हणजे जड भाग कायम चढाच्या अंगाला राहील. उतारावर न्यूट्रल कधीच नाही आणि मध्यावर गिअर बदलणंही नाही. ज्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही ती भरून उतारावर नेऊ नये. भरलेली ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि त्याला आडवा फिरवून स्वतःच त्याच्यावर चढते. मडगार्डवर कुणालाही बसवू नका, मजुराला नाही आणि हट्ट करणाऱ्या लेकरालाही नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. चालकाच्या मागं उभी असते ती लोखंडी कमान, आणि तिच्यासोबत सीटबेल्ट. ट्रॅक्टर उलटला तरी कमान त्याला चालकाच्या अंगावर येऊ देत नाही आणि बेल्ट चालकाला कमानीच्या आत धरून ठेवतो. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथं ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ संपले. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ट्रॅक्टर कमानीशिवाय विकले जातात. बागेत फांद्या अडतात म्हणून दुमडणारी कमान मिळते. ती उभी असताना बेल्ट लावायचाच, आणि दुमडलेली असताना लावायचा नाही, कारण तेव्हा बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखाली अडकवतो. बागेतून बाहेर पडलात की कमान पुन्हा उभी करा. गावच्या वेल्डरकडून पाइप वाकवून केलेली कमान चालत नाही; ती ट्रॅक्टरच्या वजनाला तपासलेली नसते आणि पहिल्या धक्क्याला वाकते. छत, म्युझिक सिस्टिम, रंगीत दिवे यांवर एक रुपयाही घालण्याआधी कंपनीची तपासलेली कमान आणि बेल्ट कोटेशनमध्ये लिहून घ्या. ज्या मॉडेलला ती मिळत नसेल, ते उताराच्या वावरासाठी घेऊ नका.